उल्पान, समुद्र आणि पाहुणे: या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मला एक फोन हमखास येतो. बोलणारा वेगळा, प्रश्न तोच. "ताई, हिब्रूचं उल्पान लावलंय, पण पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. तीन आठवडे दांडी मारली तर चालेल ना? तसाही समुद्रावर काय अभ्यास होणार?"

मी इस्रायलमधल्या हैफा शहरात आले ती नवऱ्याच्या पोस्टडॉकपायी. तो टेक्निऑन या इथल्या तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि मी भाजीवाल्यासमोर हातवारे करत. हातवाऱ्यांनी कोथिंबीर मागता येते, पण घासाघीस करता येत नाही, म्हणून हिब्रू शिकले. आता नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना अधूनमधून मदत करते आणि त्याच त्या चुका बघून वैतागते. त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे वैताग जरा जास्तच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उल्पान म्हणजे इस्रायलमधला हिब्रूचा वर्ग. पहिलं उल्पान 1949 मध्ये जेरुसलेमला सुरू झालं, देशोदेशींहून आलेल्या ज्यूंना लवकर बोलतं करण्यासाठी. अजूनही रीत तीच. आलेफ या पहिल्या अक्षरापासून वाव या सहाव्यापर्यंत सहा पायऱ्या, रविवार ते गुरुवार सकाळचे चार-पाच तास, आणि शिक्षिका पहिल्या दिवसापासून हिब्रूखेरीज दुसरं काही बोलणार नाही. तुम्ही रडकुंडीला आलात तरी नाही.

हिब्रू देवनागरीत लिहिणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आपली देवनागरी इतकी गुणी की कुठलाही उच्चार तिच्यात बसल्यासारखा वाटतो. पहिल्या आठवड्यात वही झरझर भरते. मायिम म्हणजे पाणी, याम म्हणजे समुद्र, खोल म्हणजे वाळू. शेजारचे रशियन आणि फ्रेंच विद्यार्थी बावीस अक्षरांशी झटापट करत असतात आणि आपल्याला वाटतं, आपण पुढे निघालो. महिन्याभरात ते वर्तमानपत्राचे मथळे लावायला लागतात. आपण आपल्याच वहीत अडकलेले.

कारण हिब्रूत वेगवेगळी अक्षरं आज एकसारखी उच्चारली जातात. 'कारा' म्हणजे वाचलं आणि 'कारा' म्हणजे फाडलं. एकाच्या शेवटी आलेफ, दुसऱ्याच्या शेवटी आयिन. देवनागरीत दोन्ही एकच, मग पोराने पुस्तक वाचलं की फाडलं हे वहीवरून कळणार कसं? 'लो' म्हणजे नाही आणि 'लो' म्हणजे त्याला. 'इम' म्हणजे जर, आणि 'इम' म्हणजे सोबतसुद्धा. (मी इथे देवनागरीतच लिहिते आहे, कारण हा लेख आहे. ही तुमची वही नव्हे. वहीत नको म्हणजे नको.)

आता माझी फजिती. 2019 च्या जूनमध्ये आई, बाबा आणि आत्या आले. तिघंही अलिबागची. "समुद्र आम्हाला काय दाखवतेस?" असं विमानतळावरच ऐकवून झालं होतं. तरी तिसऱ्या दिवशी हैफातल्या दादो नावाच्या किनाऱ्यावर गेलो. बाबांच्या डोक्यावर त्यांची पांढरी टोपी, आत्याच्या हातात डब्यातला चिवडा. गर्दी नको म्हणून आम्ही चालत चालत टोकाला गेलो. तिथे एक पाटी होती. खालची इंग्रजी ओळ कुणीतरी चिकटवलेल्या जाहिरातीखाली गेलेली. आत्याला पायाची वाळू धुवायची होती, तिने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मी ऐटीत पुढे झाले. पहिला शब्द चार अक्षरी, सुरुवातीला आलेफ, शेवटी रेश. मधली दोन अक्षरं कोण बघतो? 'एफशार', म्हणजे करता येतं. पुढचा शब्द 'लेहित्राखेत्स'. हा आम्हाला 'माझी सकाळ' या धड्यात होता: अंग धुणं. मी जाहीर केलं, "इथे आंघोळ करता येते."

आत्या टॉवेल घेऊन नळ शोधायला गेली. बाबा म्हणाले, आंघोळच करायची तर समुद्रातच करू, आणि सरळ पाण्यात शिरले.

पहिला शब्द 'एफशार' नव्हता, 'आसूर' होता. त्याचीही अक्षरं चार, सुरुवातीला आलेफ, शेवटी रेश. आसूर म्हणजे मनाई. आणि समुद्रावर 'लेहित्राखेत्स' म्हणजे पोहणं. पाटी म्हणत होती, इथे पोहायला बंदी आहे. तेवढ्यात शंभरेक पावलांवरच्या मनोऱ्यावरून जीवरक्षकाचा कर्णा सुरू झाला. इस्रायली जीवरक्षक शिट्टीवर भागवत नाही, तो अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा एकेका माणसाचा उद्धार करतो. "हाअदोन इम हाकोवा हालावान, लात्सेत मेहामायिम!" दोनदा, तीनदा. मला वाटलं, कुणा बिचाऱ्याला ओरडतोय. बाबांना वाटलं, आपल्याला नमस्कार करतोय. त्यांनी हात हलवून उत्तर दिलं.

कोवा म्हणजे टोपी, लावान म्हणजे पांढरा. दोन्ही शब्द माझ्या वहीत होते, कपड्यांच्या आणि रंगांच्या धड्यात, सुंदर देवनागरी अक्षरात. "पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ, पाण्याबाहेर या." शेवटी एका शाळकरी मुलाने जाऊन बाबांना दंडाला धरून आणलं. तिथे किनाऱ्यालगत पाण्याची ओढ असते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती आत खेचते. त्या संध्याकाळी घरी कुणी मला एक शब्द बोललं नाही. पुढचे काही दिवस मात्र दुकानाची साधी पाटी दिसली तरी आत्या विचारायची, "इथे आंघोळ करता येते का गं?"

त्या रात्री मी वहीतली देवनागरी काळ्या शाईने खोडली. उपाय म्हणाल तर एवढाच आहे. घरापासून बसथांब्यापर्यंतची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. लोक बघतात, बघू देत. अर्थ कळला नाही तरी चालेल, पण मधली अक्षरं गाळायची नाहीत. स्वर लिहिलेले नसतात ही तक्रार माझ्याकडे आणू नका. स्वरचिन्हं लहान मुलांच्या पुस्तकांत आणि कवितेत असतात, पाट्यांवर नसतात, आणि ती तुमच्यासाठी कुणी लावणारही नाही.

आणि लिप्या दोन शिका. छापील अक्षर वेगळं, हाताचं वेगळं. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती तसं समजा. छापील येत असलेला माणूस किनाऱ्यावरच्या टपरीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली यादी बघून गारद होतो आणि बोट दाखवून काहीतरी घेतो.

पाहुणे आले म्हणून वर्ग बुडवणं

ही दुसरी, आणि हीसुद्धा मी केलेली. त्याच जूनमध्ये मी दोन आठवडे वर्गाला गेले नाही. वाटलं होतं, परत जाऊन भरून काढू. परत गेले तेव्हा वर्ग भविष्यकाळात पोचला होता आणि मी भूतकाळात. बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलंस? मी मराठीत विचार केला, 'समुद्रावर गेले', आणि शब्दाला शब्द लावून म्हटलं, "हालाख्ती अल हायाम."

वर्ग शांत. मग बाईंनी विचारलं, "किनेरेतवर का?" आणि सगळे फुटले.

'हालाख्ती' म्हणजे गेलेही आणि चाललेही, 'अल' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या वर. मी सांगितलं होतं की मी समुद्रावरून चालत गेले. किनेरेत म्हणजे गालीलचं सरोवर, जिथे येशू पाण्यावरून चालल्याची कथा आहे. म्हणायचं होतं 'हालाख्ती लायाम', समुद्राकडे गेले. आपलं 'वर' हिब्रूत जसंच्या तसं नेलं की बुडायला होतं.

पुढच्या वर्षी सासूबाई येणार होत्या, तो बेत कोविडने हाणून पाडला. पण नंतर जेव्हा जेव्हा कुणी आलं, तेव्हा मी वर्ग चुकवला नाही, आणि पाहुण्यांचं काही बिघडलं नाही. भारतातून येणारं माणूस पहिले चार दिवस पहाटे साडेतीनलाच टक्क जागं असतं, कारण घरी तेव्हा सहा वाजलेले असतात. सकाळी नऊला ते पुन्हा पेंगतं. तेवढ्यात तुमचा वर्ग होतो. भर दुपारच्या उन्हात किनाऱ्यावर जायचंच नसतं, चारनंतर जायचं. मग अडतं कुठे? मुलं म्हणतात, "त्यांना फिरवायचं असतं ना." फिरवायचं नसतं, दमलेलं असतं मन, आणि पाहुणे हे चांगलं निमित्त. एवढंच असेल तर तसं सरळ सांगावं, मी रागावत नाही.

माझी सवय अशी: किनाऱ्यावर जाताना वही न्यायची नाही, पण एक काम ठरवून जायचं. आज खुर्च्या मी भाड्याने घेणार. आज जीवरक्षकाला विचारणार की जेलीफिश आहेत का: "येश मेदुझोत हायोम?" आज एकीच्या तान्ह्या बाळाचं वय विचारणार. पाहुणे बरोबर असले की सुटका नसते, कारण चार माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. एकटे असता तेव्हा तुम्ही गप्प राहता, मला माहीत आहे.

शिवाय पाहुणे प्रश्न विचारतात, आणि त्यांचे प्रश्न वर्गातल्यांपेक्षा बरे असतात. मी एकदा किनाऱ्यावर छत्री मागितली, 'मित्रिया'. भाड्याने देणारा हसला आणि निरभ्र आकाशाकडे बघायला लागला. मित्रिया पावसाची छत्री, 'मातार' म्हणजे पाऊस त्यावरून. किनाऱ्यावर लागते ती 'शिमशिया', 'शेमेश' म्हणजे सूर्य त्यावरून. हे आत्याला समजावलं तर ती म्हणे, "म्हणजे मूळ धातू एक आणि त्याला नुसते प्रत्यय लावत जायचे? मग संस्कृतसारखंच की. तू घाबरतेस कशाला?" हिब्रूतले बहुतेक शब्द तीन अक्षरी मुळांवर उभे आहेत आणि क्रियापदांचे सात साचे आहेत हे बाईंनी मला महिनाभर सांगितलं होतं. डोक्यात शिरलं ते आत्यामुळे. नंतर ती चंद्राची छत्री असते का तेही विचारत होती, ते सोडा.

आदर दाखवायला अनेकवचन

ही खास आपली चूक. रशियन आणि फ्रेंच विद्यार्थीही करतात म्हणा, त्यांच्याकडेही 'तुम्ही' आहे. हिब्रूत नाही. पुरुष असेल तर 'अता', बाई असेल तर 'अत', मग समोर प्राध्यापक असो की पंतप्रधान. मी पहिले दोन महिने घरमालकीणबाईंना 'अतेम' म्हणत होते. अतेम म्हणजे तुम्ही सगळे. त्या दर वेळी मागे वळून बघायच्या, आणखी कोण आलंय म्हणून.

उलटा त्रास पाहुण्यांना होतो. विशीतला बसचालक बाबांशी बोलला, मी भाषांतर करत होते, आणि बाबांनी मध्येच विचारलं, "हा मला अरे-तुरे करतोय का?" आता काय सांगणार? हो, करतोय. इथे सगळेच सगळ्यांना करतात. त्याच चालकाने नंतर बस थांब्याच्या जरा पुढे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली, आईच्या गुडघ्यांकडे बघून. एवढं बघितल्यावर बाबा निवळले.

यातच आपल्याला एक फायदा आहे आणि तो कुणी घेत नाही. मराठीत मी बोलतो, मी बोलते. हिब्रूत 'अनी मेदाबेर', 'अनी मेदाबेरेत'. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे पचायला वर्ष जातं, आपल्याला ते पाळण्यातून येतं. तरी आपली मुलं इंग्रजीतून विचार करून त्यातच चुकतात, याला काय म्हणावं? माझ्या नवऱ्याने वर्ग न लावता माझ्याकडून ऐकून हिब्रू उचललं. तो प्रयोगशाळेत सहा महिने 'अनी रोत्सा काफे' म्हणत होता, म्हणजे 'मला कॉफी हवी आहे' हे बाईच्या तोंडचं. पुरुषाने 'रोत्से' म्हणायचं. त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्यांना मजा येत होती. शॉर्टकट घेणाऱ्यांचं हे असं होतं.

उच्चारांतही तेच. त्सादी हे अक्षर बाकीचे शिकत बसतात, आपल्या 'चमचा'तला 'च' तोच आहे. 'जवळ'मधला 'ज' म्हणजे त्यांचं झायिन. घशातल्या 'ख'ला मात्र मेहनत लागते. आपला 'खडू'तला 'ख' घातलात तर ते ऐकणाऱ्याला 'क' वाटतं.

समोरचा इंग्रजीत गेला की आपणही जाणं

तुम्ही दुसऱ्या शब्दाला अडखळलात की इस्रायली माणूस इंग्रजी सुरू करतो. त्यात उपकाराची भावना कमी, घाई जास्त. पुस्तकी उपाय म्हणजे "राक इव्रित, बेवाकाशा", फक्त हिब्रू, कृपया. माझा उपाय वेगळा आहे: मी मराठीत उत्तर देते. "दादा, दोन खुर्च्या हव्यात, किती होतील?" तो गोंधळतो आणि आपोआप हिब्रूवर येतो. शिष्टाचाराला धरून नाही, पण एकदाही वाया गेलेला नाही.

बाकीच्या, पटापट

आकडे. इथे लिंग उलटं दिसतं: पुल्लिंगी वस्तूला 'श्लोशा', स्त्रीलिंगीला 'शालोश'. तीन आर्तिक, म्हणजे काडीवरचं आइस्क्रीम, 'श्लोशा आर्तिकीम'. खुर्ची, म्हणजे 'किसे', पुल्लिंगी आहे आणि तिचं अनेकवचन 'किसओत' दिसतं स्त्रीलिंगी. दोन खुर्च्या 'श्नेई किसओत', दोन छत्र्या 'श्तेई शिमशियोत'. घोकण्यावाचून इलाज नाही.

'सबाबा', 'याल्ला', 'बालागान' असले रस्त्यावरच्या बोलीतले तीस शब्द शिकून फिरणारे नवशिके. क्रियापद एक येत नाही आणि रुबाब मात्र तेल अवीवमध्ये जन्मल्याचा. यांच्यावर शब्द खर्च करणार नाही.

झेंडे. पांढरा म्हणजे समुद्र शांत, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पोहायला बंदी. लाल म्हणजेच बंदी असं आपण गृहीत धरतो आणि काळा वाऱ्यावर फडफडताना बघून कुणाचा निषेध आहे विचारतो. जीवरक्षक साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतात, तेही ठरलेल्या तासांतच. ते नसताना पाण्यात जाऊ नका, पाहुण्यांना तर मुळीच पाठवू नका.

जेलीफिशचे थवे येतात ते बहुधा जूनअखेर आणि जुलैत. चटका बसला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. माझ्या आईने हळद बरोबर आणली होती. ती डब्यातच राहू दे.

शनिवार, ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत बहुतेक गावांत बस नसते. हैफात काही मार्ग चालू असतात, म्हणून इथले लोक निर्धास्त होतात आणि मग जेरुसलेममध्ये अडकतात.

तेल अवीवचा नोरदाऊ किनारा बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळ्या दिवशी असतो: रविवार, मंगळवार, गुरुवार बायका; सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुष. शनिवारी सगळे. सासूबाईंना साडीत पाण्यात उतरायचं असेल तर याहून निवांत जागा नाही, पण सासऱ्यांना बरोबर घेऊन दारात जाऊ नका. पाटी वाचायची सवय इथेही कामी येते.

मराठी माणूस भेटला की हिब्रू गुंडाळणं

इस्रायलमध्ये मराठी बोलणारे तुम्हाला भेटणारच. अश्दोद, बेर्शेवा, डिमोना, लोद, सगळीकडे बेने इस्रायली आहेत, आपल्या रायगड जिल्ह्यातून गेलेले मराठी ज्यू. त्यांचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही इथूनच निघालं. नवशिक्याला अशा एखाद्या मावशी सापडल्या की तो बँकेपासून दवाखान्यापर्यंत त्यांनाच फोन करतो. हे करू नका. त्या मदत करतील, प्रेमाने करतील, आणि तुम्ही पाच वर्षं आलेफमध्ये राहाल. मी अशी दोन उदाहरणं ओळखते, नावं घेत नाही.

मीही नियम केला होता की किनाऱ्यावर हिब्रूच बोलायचं. मग आईला घेऊन अश्दोदच्या किनाऱ्यावर गेले होते तेव्हा शेजारच्या शिमशियाखालून एक आजी म्हणाल्या, "टोपी घाल गं तिला, ऊन लागेल." मराठीत. त्यांचं गाव रेवदंड्याजवळ, लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या. अलिबागच्या इस्रायल आळीत आता कोण राहतं, मशिदीचा रंग कोणता आहे (सिनेगॉगला त्या मशीदच म्हणत होत्या), वाल अजून पूर्वीसारखे होतात का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. आई उत्तरं देत राहिली. मी दोघींना टपरीवरून टरबुजाच्या फोडी आणून दिल्या आणि अंधार पडेपर्यंत ऐकत बसले. त्या संध्याकाळी टपरीवाल्याला 'अवातियाख' एवढं म्हटलं, बाकी हिब्रूचा एक शब्द तोंडातून निघाला नाही.